बापाला पोरगा पाद्री व्हायला हवा होता, पण त्याच पोराने जगाला डायलिसिस दिलं

आपल्या ओळखीत एखादा तरी माणूस असतो, ज्याचं डायलिसिस चालू असतं. आठवड्यातून दोन-तीनदा हॉस्पिटल, हाताला सुया आणि प्रत्येक वेळी चारेक तास मशीन. काही जणांचं हेच काम घरच्या घरी, पोटात द्रावण सोडून केलं जातं.

पण यामागची कल्पना ज्याने मांडली तो डॉक्टर नव्हता. तो होता केमिस्ट्रीवाला, आणि तेव्हा नोकरीला होता चक्क नाणी पाडणाऱ्या टांकसाळीत.

त्याचं नाव थॉमस ग्रॅहम.

ग्रॅहमचा जन्म डिसेंबर 1805 मधला, स्कॉटलंडच्या ग्लासगो शहरातला. वडील कापडाच्या धंद्यात. पोराने शिकून चर्चमध्ये पाद्री व्हावं, ही त्यांची इच्छा. 1819 मध्ये ग्रॅहम ग्लासगो विद्यापीठात दाखल झाला, तेव्हा तो 14 वर्षांचाही नव्हता. तिथे थॉमस थॉमसन नावाचे प्राध्यापक केमिस्ट्री शिकवायचे. पोरगं त्यांच्या तासाला बसलं आणि तिथेच अडकलं.

वडिलांना हे अजिबात पटलं नाही. त्यांनी पैसे बंद केले. ग्रॅहमने शिकवण्या घेतल्या, लिखाण केलं आणि कसंबसं भागवलं. आई मात्र त्याच्या बाजूने उभी राहिली. लिखाणातून पहिली कमाई हातात आली तेव्हा त्याने आई आणि बहिणीसाठी भेटवस्तू घेतल्या, असं सांगितलं जातं.

1830 मध्ये तो ग्लासगोच्या अँडरसन संस्थेत प्राध्यापक झाला. तिथे त्याच्या वर्गात बसलेल्यांपैकी एक म्हणजे पुढे आफ्रिकेत गाजलेला डेव्हिड लिव्हिंग्स्टन. 1837 मध्ये ग्रॅहम लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजला गेला. 1841 मध्ये लंडनची केमिकल सोसायटी सुरू झाली, तिचा पहिला अध्यक्षही तोच.

सायन्सला असलेल्यांना ग्रॅहमचा नियम आठवत असेल. वायू जितका हलका, तितका तो वेगाने पसरतो. त्याने हे 1830 च्या दशकातच सिद्ध केलं होतं. पण त्याच्या डोक्यात पुढचा प्रश्न होता. वायूंचं असं आहे, तर पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचं काय?

याचं उत्तर यायला 1861 उजाडलं. तोवर ग्रॅहम ब्रिटनच्या शाही टांकसाळीचा प्रमुख झाला होता. न्यूटनने जी खुर्ची सांभाळली, तीच ही खुर्ची. 1855 पासून दिवसभर नाण्यांचा कारभार असायचा, पण प्रयोग सुटले नव्हते.

त्याने केलं काय, तर एक गोल कडं घेतलं आणि त्यावर डफासारखा पार्चमेंट कागद ताणून बसवला. त्यात द्रावण ओतलं आणि ते कडं पाण्यावर तरंगत ठेवलं. मीठ, साखर अशा पदार्थांचे छोटे कण कागदातून खालच्या पाण्यात उतरले. डिंक, जिलेटिन यांचे मोठे कण वरच राहिले. मोठ्या कणांच्या पदार्थांना त्याने कोलॉइड म्हटलं आणि वेगळं करायच्या या पद्धतीला नाव दिलं डायलिसिस.

मग त्याने त्यात लघवी ओतली. 24 तासांनी खालचं पाणी आटवून पाहिलं, तर त्यातून युरिया मिळाला. किडनी रक्तातून जी घाण बाहेर काढते, त्यातला हा मुख्य पदार्थ. म्हणजे साध्या पडद्यातून युरिया वेगळा करता येतो, हे ग्रॅहमने दाखवून दिलं होतं. ते माणसावर वापरायचा विचार मात्र त्याने केला नव्हता.

1862 मध्ये त्याला रॉयल सोसायटीचं मानाचं कॉप्ली पदक मिळालं. ग्रॅहमने लग्न केलं नाही. 16 सप्टेंबर 1869 ला, वयाच्या 63 व्या वर्षी, टांकसाळीच्या प्रमुखपदावर असतानाच तो गेला. ग्लासगोच्या जॉर्ज स्क्वेअरमध्ये त्याचा पुतळा उभारला गेला. तो उभारायचा खर्च केला त्याच्याच हाताखाली शिकलेल्या जेम्स यंगने.

पुढे 1913 मध्ये अमेरिकेत कुत्र्यांवर कृत्रिम किडनीचा प्रयोग झाला. 1940 च्या दशकात नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फने माणसांसाठी मशीन बनवलं. पोटातल्या पेरिटोनियम नावाच्या पडद्याचाच चाळणीसारखा वापर करायचं तंत्रही आलं.

इथे ग्रॅहमच्या प्रयोगातली दुसरी बाजू समोर आली. पडद्याला आत-बाहेर कळत नाही. छोटे कण जिथे जास्त असतात, तिथून कमी असतात तिकडे जातात. म्हणजे रक्तातली घाण द्रावणात येते, तसं द्रावणातलं वाईटही शरीरात जाऊ शकतं.

आणि द्रावणात वाईट असतंच. शरीरातलं जास्तीचं पाणी ओढायला त्यात ग्लुकोज घालतात आणि जंतू मारायला पिशवी तापवतात. साखर तापली की तिचं रूप बदलतं, हे स्वयंपाकघरात आपण बघतोच. इथेही ग्लुकोज तुटून मिथाइलग्लायॉक्सलसारखी घातक संयुगं तयार होतात. ती पेरिटोनियमच्या पेशींना इजा करतात, आणि वर्षानुवर्षं हे चाललं की पडद्याचं कामच बिघडू शकतं.

यावर उपाय निघाला दोन कप्प्यांच्या पिशवीचा. ग्लुकोज खूप आम्लधर्मी असताना तापवलं तर कमी तुटतं. म्हणून ते एका कप्प्यात आणि आम्लता कमी करणारं द्रावण दुसऱ्यात ठेवून तापवतात. पोटात सोडायच्या आधी मधला सांधा उघडून दोन्ही एकत्र करतात. घातक संयुगं पूर्ण जात नाहीत, पण बरीच कमी होतात. अशी द्रावणं वर्षाहून जास्त काळ वापरणाऱ्या पेशंटची स्वतःची उरलीसुरली किडनी जास्त टिकते, असं अभ्यासात दिसलंय. त्यामुळे आयुष्य वाढतं, हे मात्र अजून सिद्ध झालेलं नाही.

किडनीच्या पेशंटसाठी ही उरलीसुरली लघवीही लाखमोलाची असते. आणि त्यामागचं गणित आजही तेच आहे, जे टांकसाळीतल्या एका माणसाने कागद ताणून मांडलं होतं.