ब्रेल लिपी डोळसांना वाचता येत नव्हती, मग लुई ब्रेल आणि त्याच्या अंध मित्राने मशीनचा मार्ग काढला

लिफ्टच्या बटणांवर किंवा औषधाच्या खोक्यावर बोट फिरवलं की उठावाची टिंबं लागतात. ती टिंबं देणारा लुई ब्रेल आपल्याला शाळेपासून माहितीये. पण याच लुईने आणखी एक लिखाणाची पद्धत शोधली होती आणि तिच्यावर त्याच्या अंध मित्राने मशीन बनवलं होतं, हे फारसं कुणी सांगत नाही.

लुईचा जन्म 4 जानेवारी 1809 चा. गाव कुप्रे, पॅरिसच्या पूर्वेला. वडील घोड्यांचे खोगीर आणि लगाम बनवायचे. तीन वर्षांचा लुई वडिलांच्या कारखान्यात खेळत असताना आरी डोळ्यात घुसली. जखम चिघळली, संसर्ग दुसऱ्या डोळ्यात गेला आणि पाचव्या वर्षापर्यंत दोन्ही डोळे गेले.

दहाव्या वर्षी तो पॅरिसच्या अंधशाळेत आला. तिथली पुस्तकं म्हणजे जाड कागदावर उठवलेली मोठी मोठी रोमन अक्षरं. बोटाने एकेक अक्षर चाचपत वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरायला व्हायची. लिहायचा तर प्रश्नच. पुढे चार्ल्स बार्बिएची बारा टिंबांची पद्धत शाळेत आली. लुईने ती सहा टिंबांवर आणली, तेव्हा तो फक्त 15 वर्षांचा होता. 1829 साली त्याने ही लिपी छापून प्रसिद्ध केली.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. खरी अडचण इथून पुढे होती.

सहा टिंबांमुळे अंध मुलं एकमेकांना पत्रं लिहू लागली, पण घरी पाठवायचं पत्र? गावाकडच्या डोळस आईबापांना ही टिंबं कळणार कशी? म्हणजे शेजारी कुणी डोळस बसवायचा आणि मनातलं त्याला सांगून लिहून घ्यायचं. आईला लिहायची गोष्ट आधी तिसऱ्याच माणसाच्या कानावर जाणार. घरापासून लांब होस्टेलवर राहिलेल्यांना यातली अडचण वेगळी सांगायला नको.

1839 साली लुईने यावर उपाय छापला. दहा टिंबांच्या उंचीत प्रत्येक रोमन अक्षर बसवायचं. कोणत्या रांगेत कितवं टिंब टोचायचं याचा आकड्यांचा तक्ताच त्याने करून दिला. आकडे पाठ केले की कागदावर टिंबाटिंबांचं, पण नेहमीचं अक्षर उमटायचं. अंधाने बोटांनी वाचावं, डोळसाने डोळ्यांनी. भानगड एकच, काम प्रचंड वेळखाऊ होतं. एका अक्षरासाठी मोजून मोजून टिंबं टोचायची म्हणजे पानभर पत्राला किती वेळ लागेल, विचार करा.

इथे येतो पिएर फुको. (भौतिकशास्त्रातला लंबकवाला फुको वेगळा. दोघे एकाच काळातले, त्यामुळे गोंधळ होतो.) हा फुको लुईपेक्षा 12 वर्षांनी मोठा, लहानपणीच अंध झालेला, त्याच शाळेत शिकलेला, संगीत जाणणारा आणि यंत्रात डोकं चालणारा. लुईचा तक्ता बोटांनी कसा चालतो आणि बोटं कुठे थकतात, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

1841 च्या सुमारास त्याने मशीन उभं केलं. नाव राफिग्राफ. दहा दांडे पंख्यासारखे पसरलेले, खाली त्यांची टोकं एका उभ्या ओळीत येतात. हवे ते दांडे दाबायचे, टिंबं पडली की पुढच्या रांगेवर सरकायचं. मोजणी संपली. कार्बनचा कागद लावला की टिंबं काळीही उमटायची. पेट्रोल पंपाच्या बिलावरची किंवा जुन्या रेल्वे तिकिटावरची टिंबांची अक्षरं आठवा. त्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरमध्येही पिनांची उभी रांगच असते.

गंमत बघा, याच काळात शाळेचा नवा संचालक सहा टिंबांच्या लिपीवर बंदी घालून बसला होता. अंधांची लिपी डोळसांपेक्षा वेगळी नको, असं त्याचं म्हणणं. मुलं चोरून ती वापरतच राहिली. शेवटी 1844 साली शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला सगळ्यांसमोर तिचं प्रात्यक्षिक झालं आणि विरोध मावळला.

फुकोला 1843 साली उद्योगांना उत्तेजन देणाऱ्या फ्रेंच संस्थेने प्लॅटिनमचं पदक दिलं. लुईने मात्र त्या मशीनवर आपल्या आईला पत्रं लिहिली. मध्ये कुणी नाही, सांगून लिहून घेणं नाही.

क्षयाने त्याला तरुणपणीच गाठलं होतं. खोकल्यामुळे शिकवणंही कमी करावं लागलं. 1851 साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात फुकोचं लिखाणाचं यंत्र मांडलं गेलं, आणि 6 जानेवारी 1852 ला लुई वारला. 43 वर्षं पूर्ण होऊन दोनच दिवस झाले होते. फ्रान्सच्या शाळेने त्याची लिपी अधिकृतपणे स्वीकारली ती त्यानंतर दोन वर्षांनी. पुढे टाइपरायटर आले. त्यावर अंध माणूसही डोळसांची अक्षरं झटपट उमटवू शकत होता, म्हणून राफिग्राफ मागे पडला.