संयुक्त ‘मानापमाना’चा धैर्यधर

दोन बलाढ्य नाटक कंपन्या, दोन लाडके गायक नट आणि त्यांच्या नावाने हमरीतुमरीवर येणारे रसिक! १९२१ सालची मराठी रंगभूमी अशी दुभंगलेली होती. एकीकडे बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी, दुसरीकडे केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श. हे दोघे एकत्र आले, तेव्हा केशवरावांनी काय पणाला लावले होते, हे कळण्यासाठी त्यांचे चरित्र पाहावे लागते.

केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात झाला. पितृछत्र लवकर हरपले. शाळेच्या वयात पाटी-पेन्सिलीऐवजी तालीम वाट्याला आली ती स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत. देवलांच्या ‘शारदे’त हा कोवळा मुलगा शारदा होऊन गाऊ लागला आणि त्याचे नाव महाराष्ट्रभर झाले.

पण दुसऱ्याच्या कंपनीत राहणे त्यांना मानवणारे नव्हते. १ जानेवारी १९०८ रोजी त्यांनी हुबळीस ललितकलादर्श स्थापन केली, तेव्हा वयाची अठरा वर्षेही पुरी झाली नव्हती. पुढे रामकृष्णबुवा वझ्यांसारखा गवई त्यांनी कंपनीच्या संगीतासाठी मिळवला. हुंड्याच्या प्रश्नावरील मामा वरेरकरांचे ‘हाच मुलाचा बाप’ त्यांनीच रंगभूमीवर आणले.

१ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक निवर्तले. त्यांच्या नावाच्या स्वराज्य फंडासाठी महात्मा गांधींनी एक कोटी रुपयांचे आवाहन केले. या फंडाच्या मदतीसाठी दोन्ही कंपन्यांनी मिळून खाडिलकरांचे ‘मानापमान’ करायचे ठरले. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात बालगंधर्व भामिनी झाले आणि केशवराव धैर्यधर.

यातली मेख लक्षात घेण्यासारखी आहे. १९११ च्या पहिल्या प्रयोगापासून भामिनी म्हणजे बालगंधर्वच. केशवराव प्रतिस्पर्ध्याच्या हुकमी नाटकात, त्याच्याच समोर गाण्यास उभे राहिले. एखादे पद पडले असते, तर चारचौघांत मानहानी ठरलेली. स्वतः कंपनीचे मालक असलेल्या माणसाला हा धोका टाळता आला असता. त्यांनी तो पत्करला. तिकिटांचे दर जबर होते, तरी थिएटर भरून गेले. कोण कोणावर मात करतो हे पाहायला आलेल्या लोकांना दोघांचे मिळून एक नाटक पाहायला मिळाले.

असे मेळ फार टिकत नाहीत. १९६९ साली इंग्लंडात एरिक क्लॅप्टन, स्टीव्ह विनवूड, जिंजर बेकर आणि रिक ग्रेच या नामवंतांनी ‘ब्लाइंड फेथ’ हा रॉक गट काढला, तो त्याच वर्षी मोडला. इथे मात्र मेळ मोडला तो मृत्यूने. ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, त्या प्रयोगाला तीन महिनेही झाले नसताना, केशवराव गेले. वय अवघे एकतीस. ललितकलादर्शची धुरा पुढे बापूराव पेंढारकरांनी वाहिली.

शाहू महाराजांनी कोल्हापुरात बांधलेल्या पॅलेस थिएटरला पुढे केशवरावांचे नाव मिळाले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, ते नाट्यगृह आगीत सापडले, तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला.

स्नेहसंमेलन आले की आपल्या महाविद्यालयातही एकांकिकेचे दोन गट पडतात. मुख्य भूमिका कोणाची, नाव आधी कोणाचे, यावर तालमी अडतात. अशा वेळी बालीवाला थिएटरातला तो धैर्यधर आठवावा. दुसऱ्याच्या अंगणात जाऊन गाण्याने त्याचा मान तसूभरही कमी झाला नाही.