धर्मानंद कोसंबी : ‘मी’पणाचा शोध घेणारा यात्रिक

बालपणीचा मी आणि आजचा मी एकच काय, आणि असल्यास तो कोणत्या अर्थाने, हा प्रश्न जगातील तत्त्वज्ञांनी वारंवार विचारला आहे. उपनिषदांनी त्याचे उत्तर आत्म्यात शोधले. भगवान बुद्धांनी असा नित्य आत्मा कोठेही आढळत नाही असे सांगितले. हे दुसरे, पचावयास कठीण असे उत्तर आधुनिक काळात मराठी वाचकांपर्यंत आणण्याचे श्रेय प्रामुख्याने आचार्य धर्मानंद दामोदर कोसंबी यांच्याकडे जाते. त्यांनी हा सिद्धांत ग्रंथांतून अभ्यासला खरा. परंतु त्यांचे आयुष्यच असे विलक्षण वळणांचे होते की त्या सिद्धांताची कसोटी त्यांना स्वतःच्या जीवनात पदोपदी द्यावी लागली.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांखवाळ या गावी एका सारस्वत कुटुंबात झाला. शालेय शिक्षण बेताचेच. नारळाच्या बागांची देखभाल करणे आणि मिळेल ते मराठी पुस्तक वाचणे यातच त्यांचे तारुण्य जात होते. लहान वयातच बाळाबाईंशी त्यांचा विवाह झाला. एका मराठी मासिकातील बुद्धचरित्रपर लेख त्यांच्या वाचनात आला आणि त्यांच्या मनाने ठाव सोडला. बुद्धाचा धर्म मुळातून जाणून घ्यावयाचा, या एकाच ध्यासाने १८९९ च्या अखेरीस, पत्नी आणि तान्ही मुलगी यांना मागे ठेवून ते घराबाहेर पडले.

पुणे, ग्वाल्हेर, काशी असा त्यांचा प्रवास झाला. काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. नेपाळमध्ये बौद्ध धर्माचे जिवंत ज्ञान मिळेल ही आशा फोल ठरली. तेथून बुद्धगया आणि पुढे १९०२ मध्ये सिंहलद्वीप. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगलाचार्यांच्या चरणांशी त्यांना पाली भाषा लाभली आणि श्रामणेर दीक्षाही मिळाली. ब्रह्मदेशात ते भिक्षू झाले. गोव्याचा गृहस्थ, काशीचा विद्यार्थी आणि काषाय वस्त्रातला भिक्षू ही तीन माणसे एकच होती काय?

ज्या ग्रंथाशी धर्मानंदांचे नाव कायमचे जोडले गेले त्या बुद्धघोषाचार्यांच्या ‘विसुद्धिमग्गा’त याच प्रश्नाचा सूक्ष्म विचार आहे. इसवी सनाच्या पाचव्या शतकात सिंहलद्वीपात रचलेल्या या ग्रंथात मनुष्याचे पाच स्कंध मानले आहेत : रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान. हे पाचही क्षणोक्षणी बदलतात, आणि त्यांच्या पलीकडे त्यांचा कोणी स्थिर स्वामी सापडत नाही. चाके, आस, जू यांच्या विशिष्ट जुळणीला जसे आपण रथ म्हणतो, तसे या समूहाला व्यवहारासाठी ‘मी’ म्हणतो. अठराव्या शतकात स्कॉटलंडच्या ह्यूमने अंतरंगात डोकावून पाहिले तेव्हा त्यालाही संवेदनांच्या प्रवाहाखेरीज वेगळा ‘मी’ आढळला नाही.

यावर सामान्य माणसाला सुचणारी शंका अगदी रास्त आहे. ‘मी’ जर नाहीच, तर कालच्या कर्जाची फेड आज कोणी करावयाची? बौद्ध आचार्यांनी यास दिव्याचे उदाहरण दिले. रात्रीच्या पहिल्या प्रहरातील ज्योत आणि अखेरच्या प्रहरातील ज्योत तीच असे म्हणता येत नाही, आणि अगदी वेगळी आहे असेही म्हणता येत नाही. एका क्षणातून दुसरा क्षण उपजतो, आणि त्या परंपरेबरोबर कर्माची जबाबदारीही पुढे चालत येते.

धर्मानंदांच्या पुढील आयुष्यात ही जबाबदारी स्पष्ट दिसते. सुमारे सात वर्षांच्या भ्रमंतीनंतर त्यांनी चीवर उतरवले आणि ते पुन्हा संसारात आले. अनात्मवादाचा आधार घेऊन ‘तो गृहस्थ मी नव्हेच’ असे त्यांना म्हणता आले असते; तसे ते म्हणाले नाहीत. अर्थात बाळाबाईंनी काढलेली एकाकी वर्षे त्यामुळे भरून निघाली असे नव्हे, आणि त्यांच्या चरित्रकारानेही ती विसरू नयेत. कलकत्त्यास पालीच्या अध्यापनाची प्रतिष्ठेची जागा मिळाली असता तीही त्यांनी सोडली. कारण हे ज्ञान महाराष्ट्राला द्यावयाचे होते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा ५० रुपये देऊ केले. अट इतकीच की महाराष्ट्रात राहावे आणि वर्षाला एक पुस्तक लिहावे. धर्मानंदांनी ती आनंदाने मान्य केली.

१९१० मध्ये हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक वुड्स यांच्या निमंत्रणावरून ते अमेरिकेस गेले. वॉरन या दिवंगत पंडिताने अपुरी ठेवलेली ‘विसुद्धिमग्गा’ची आवृत्ती सिद्ध करण्याचे काम त्यांच्याकडे आले. तेथे प्राध्यापक लॅनमन यांच्याशी श्रेयाविषयी मतभेद झाले आणि १९१२ मध्ये धर्मानंद परतले. ‘मी’ नाही असे सांगणारा ग्रंथ संपादित करणाऱ्याने शीर्षकपृष्ठावरील नावासाठी आग्रह धरावा, यात वरवर पाहता विसंगती दिसेल. परंतु नित्य आत्मा नाकारला म्हणून केलेले श्रम नाकारले जात नाहीत. ज्याने काम केले त्याचे ते काम, हा न्याय दिव्याच्या दृष्टांताशी सुसंगतच आहे. त्याच कामासाठी ते पुढे पुन्हा हार्वर्डला गेले आणि १९३२ पर्यंत ते त्यांनी तडीस नेले. देवनागरीतील स्वतःची आवृत्ती त्यांनी १९४० मध्ये मुंबईहून प्रसिद्ध केली. हार्वर्डची आवृत्ती १९५० मध्ये वॉरन आणि कोसंबी या दोघांच्या नावे निघाली. ती पाहावयास धर्मानंद हयात नव्हते.

मधल्या काळात फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पालीचे विद्यार्थी घडवले, गुजरात विद्यापीठात अध्यापन केले, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात कारावास पत्करला आणि मुंबईच्या परळ भागात श्रमिकांसाठी बहुजन विहार उभारला. १९२४ मध्ये ‘निवेदन’ हे त्यांचे आत्मचरित्र पुस्तकरूपाने आले. आत्मा न मानणाऱ्याचे आत्मचरित्र! पण त्यातील निवेदक स्वतःला कोठेही सजवीत नाही. आपली निराशा आणि आपले दोष तो परक्याच्या तटस्थतेने नोंदवतो.

अखेरीस वार्धक्याने आणि व्याधीने शरीर सेवेस निकामी झाले असे त्यांना वाटू लागले. १९४६ मध्ये आरंभलेले प्राणांतिक उपोषण त्यांनी गांधीजींच्या आग्रहावरून सोडले. मात्र पुढील वर्षी सेवाग्राम येथे पुन्हा अन्नत्याग केला आणि ४ जून १९४७ रोजी देह ठेवला. या मार्गाविषयी मतभेद असू शकतात, पण त्यांच्या निष्ठेविषयी नाहीत. गांधीजी त्या दिवसांत आपल्या या दिल्लीत, आजच्या मंदिर मार्गावरील वाल्मीकी वस्तीत राहत होते. फाळणीच्या निर्णयाने शहर ढवळून निघाले असतानाही त्यांनी प्रार्थनासभेत या अबोल पंडिताचे स्मरण केले आणि गाजावाजा न करता सेवा करणाऱ्यांकडे समाजाचे लक्ष जात नाही, अशी खंत व्यक्त केली.

दिल्लीकर मराठी माणसाने जाणून घ्यावे असे आणखी दोन दुवे आहेत. धर्मानंदांच्या ‘भगवान बुद्ध’ या मराठी ग्रंथाचे हिंदी व अन्य भारतीय भाषांतील अनुवाद येथील साहित्य अकादमीने प्रसिद्ध केले. आणि १९५७ मध्ये दिल्ली विद्यापीठात बौद्ध विद्येचा विभाग निघाला तेव्हा त्याची धुरा सांभाळली ती धर्मानंदांचे पुण्यातील विद्यार्थी प्राध्यापक पु. वि. बापट यांनी. गुरूच्या ज्योतीवर लागलेला दिवा असा यमुनेच्या काठी आला.

घर सोडून दूर आलेल्या आपणा सर्वांना कधी ना कधी वाटते की गावी असलेले आपण वेगळे होतो आणि येथले आपण वेगळे आहोत. आपल्या मुलांना तर हा प्रश्न अधिकच तीव्रतेने पडतो. त्यांच्या हाती ‘निवेदन’ अवश्य द्यावे. मराठी वाचन कठीण जात असल्यास धर्मानंदांची नात मीरा कोसंबी यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०११ पासून उपलब्ध झाला आहे. गोव्याचा एक अल्पशिक्षित तरुण किती देश फिरला, किती वेष बदलले, आणि तरीही शिकलेले सारे आपल्या भाषेत परत आणून देण्याचे ऋण कसे विसरला नाही, हे त्यांना त्यात वाचावयास मिळेल.