लायसन्स नव्हतं, पण आवाज होता : इंग्रजांना अडीच महिने चकवणाऱ्या उषा मेहतांची गोष्ट

संध्याकाळी रंकाळ्यावर बसायचं, फोन काढायचा आणि एखादी रील उघडायची. वर कोपऱ्यात फाइव्ह-जी लिहिलेलं असतं, पण मधलं चाक गोल गोल फिरत राहतं. मग आपण कंपनीला चार शिव्या घालतो, फोन एरोप्लेन मोडवर टाकतो, परत काढतो. स्पीड काही वाढत नाही.

या सगळ्यात एक प्रश्न मात्र आपण कधीच विचारत नाही. हवेतून जाणाऱ्या या लहरी नेमक्या कुणाच्या असतात?

तर याचं कायद्यातलं उत्तर आहे, सरकारच्या. मोबाइल कंपन्या लिलावात बोली लावून त्या वापरायचा हक्क घेतात. पोलिसांची वायरलेस असो, एफएम स्टेशन असो किंवा घरी अँटेना लावून गप्पा मारणारे हौशी हॅम रेडिओवाले असोत, प्रत्येकाला परवानगी लागते. हे आजचं नाही. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याने तारायंत्राचा एकाधिकार सरकारकडे घेतला आणि १९३३ च्या वायरलेस कायद्याने तर लायसन्सशिवाय रेडिओचं यंत्र घरात ठेवणंही गुन्हा ठरवलं. तुमच्या आजोबांना विचारा, साधा रेडिओ ऐकायचं लायसन्ससुद्धा ते पोस्टात पैसे भरून काढायचे.

हाच कायदा मुंबईतल्या एका बावीस वर्षांच्या मुलीने १९४२ साली मोडला. ती मुलगी म्हणजे उषा मेहता.

वडील न्यायाधीश, मुलगी मोर्चात

उषाबेनचा जन्म २५ मार्च १९२० चा. सुरतजवळचं सरस हे त्यांचं गाव. वडील हरिप्रसाद मेहता इंग्रज सरकारच्या नोकरीत न्यायाधीश होते. म्हणजे घरी पगार यायचा तो सरकारचा आणि पोरीला ओढ होती ती सरकारविरोधी मोर्चांची.

लहानपणीच त्यांनी गांधीजींना पाहिलं होतं. १९२८ साली सायमन कमिशनविरुद्ध देशभर निदर्शनं झाली, तेव्हा आठ वर्षांच्या उषाबेनही मुलांच्या मोर्चात होत्या. नोकरीत असेपर्यंत वडिलांना हे परवडणारं नव्हतं. पण १९३० साली ते निवृत्त झाले आणि १९३२ साली कुटुंब मुंबईला आलं. आता अडवणारं कुणी उरलं नाही. पोरं चळवळीची पत्रकं वाटायची, तुरुंगातल्या नेत्यांचे निरोप पोचवायची, त्यात त्या सामील झाल्या.

अभ्यासातही त्या हुशार होत्या. विल्सन कॉलेजातून १९३९ साली तत्त्वज्ञान घेऊन त्या पहिल्या वर्गात पदवीधर झाल्या. पुढे कायद्याचा अभ्यास सुरू केला. तो पुरा झाला नाही, कारण मध्ये ऑगस्ट १९४२ आला.

नेते आत, वर्तमानपत्रं गप्प

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर भारत छोडोचा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पहाटेच गांधीजी आणि काँग्रेसचे सगळे मोठे नेते पकडले गेले. काँग्रेसवर बंदी आली. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. रेडिओ होता, पण तो सरकारचा. सरकारला सांगायचं तेवढंच त्यावरून यायचं.

आता विचार करा, आपल्या जिल्ह्यात इंटरनेट बंद केलं की पहिल्या तासाभरात अफवा किती उठतात. तेव्हा तर अख्ख्या देशाची बातमीच बंद होती. साताऱ्यात काय चाललंय हे मुंबईला कळत नव्हतं आणि मुंबईत काय झालं हे नागपूरला.

उषाबेन आणि त्यांच्या मित्रांनी ठरवलं की आपलं स्वतःचं रेडिओ स्टेशन काढायचं. सोबत होते बाबूभाई खाकर, विठ्ठलदास झवेरी आणि चंद्रकांत झवेरी. पण यातल्या कुणालाच ट्रान्समीटर बनवता येत नव्हता.

इथे गोष्टीत येतात नरिमन प्रिंटर. हे हौशी रेडिओवाले, म्हणजे आजच्या भाषेत हॅम. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा सरकारने अशा सगळ्या हौशी लोकांची लायसन्सं रद्द केली होती आणि त्यांची यंत्रं बंद करायला लावली होती. लायसन्स गेलं तरी डोक्यातली विद्या जात नाही. प्रिंटर यांनी ट्रान्समीटर उभा करून दिला. काँग्रेसच्या सभांना ज्यांचे लाउडस्पीकर असायचे त्या शिकागो रेडिओ कंपनीच्या नानक मोटवानी यांचीही मदत झाली.

४२.३४ मीटर म्हणजे काय?

२७ ऑगस्ट १९४२ ला काँग्रेस रेडिओचं पहिलं प्रसारण झालं. निवेदनाचा आवाज उषाबेनचा होता. हे स्टेशन ४२.३४ मीटरवर, भारतातल्याच कुठल्यातरी ठिकाणाहून बोलतंय, एवढाच पत्ता त्या सांगायच्या.

हा आकडा नीट बघण्यासारखा आहे. ४२.३४ मीटर ही लहरीची लांबी. आजच्या हिशेबात ती साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ होते. जगभरचे हॅम लोक आजही ज्या चाळीस मीटरच्या पट्ट्यात बोलतात, त्याच पट्ट्यात हा आकडा बसतो. म्हणजे सरकारने हौशी लोकांना ज्या पट्ट्यातून हाकललं होतं, त्याच पट्ट्यात काँग्रेस रेडिओ बोलत होता.

एवढी लांब लहर आकाशात वर जाते आणि वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून परत जमिनीवर येते. त्यामुळे लहानशा यंत्रातूनही आवाज शेकडो किलोमीटर जाऊ शकतो. पण तिच्यावरून जेमतेम आवाजच पाठवता येतो, व्हिडिओ नाही. आपल्या फाइव्ह-जीचं उलट आहे. ३३०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम नऊ सेंटिमीटर, वीतभरसुद्धा नाही. त्या पट्ट्यात जागा जास्त, म्हणून डेटा भरपूर जातो. पण ती लहर फार लांब जात नाही, आणि जुन्या वाड्याची जाड भिंत मध्ये आली की धाप टाकते. टॉवर जवळ हवेत, तेही बरेच, आणि एका टॉवरवर माणसं कमी हवीत. रंकाळ्यावर रविवारी गर्दी झाली की स्पीड का पडतो, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

रोज नवी बातमी, काही दिवसांनी नवं घर

सुरुवातीला प्रसारण दिवसातून दोनदा व्हायचं, हिंदीत आणि इंग्रजीत. पुढे ते संध्याकाळी एकदाच होऊ लागलं. सुरुवात हिंदोस्तां हमाराने, शेवट वंदे मातरमने. राममनोहर लोहिया, अच्युतराव पटवर्धन आणि पुरुषोत्तम त्रिकमदास हे भूमिगत नेते त्यामागे उभे होते. बातम्या देशभरातून गुपचूप माणसांच्या हाती यायच्या.

आपल्या महाराष्ट्रासाठी यातली एक गोष्ट महत्त्वाची आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये विदर्भात चिमूर आणि आष्टीला लोकांनी उठाव केला आणि त्यानंतर तिथे पोलीस आणि लष्कराने जे अत्याचार केले, त्याची बातमी छापायची सोय नव्हती. काँग्रेस रेडिओने ती सविस्तर सांगितली. जमशेदपूरच्या कामगारांचा संपही याच रेडिओवरून लोकांना कळला.

पोलीस अर्थातच मागे लागले. आवाज कुठल्या दिशेने येतो ते शोधणारी यंत्रं गाड्यांत घालून ते फिरायचे. म्हणून या पोरांनी एक युक्ती केली. रेकॉर्डिंग एका जागी, प्रसारण दुसऱ्या जागी, आणि प्रसारणाची जागा सतत बदलायची. चौपाटीवरची सी व्ह्यू इमारत, लॅबर्नम रोडवरचा अजित व्हिला, वाळकेश्वरचा रतन महाल, गिरगावातली पारेख वाडी असं हे बिऱ्हाड फिरत राहिलं. शेवटचा मुक्काम महालक्ष्मीजवळच्या पॅराडाइज बंगल्यात पडला.

यात एक गंमत आहे. हे प्रसारण पोलीस ऐकायचे आणि त्यातलं बोलणं उतरवून घ्यायचे. पुढे कोर्टात पुरावा म्हणून ते हवं होतं. काँग्रेस रेडिओवर काय काय बोललं गेलं हे आज आपल्याला कळतं, ते बऱ्याच अंशी या पोलिसी कागदांमुळे.

१२ नोव्हेंबरची रात्र

१२ नोव्हेंबर १९४२ ला पोलिसांनी बाबूभाईंच्या ऑफिसवर धाड घातली. नरिमन प्रिंटर आधीच त्यांच्या हाती लागले होते आणि त्यांनी जागा दाखवायचं कबूल केलं होतं.

उषाबेनना धाडीची बातमी कळली. त्यांना मुंबई सोडून निघून जाता आलं असतं. त्यांनी भूमिगत नेत्यांना गाठून परिस्थिती सांगितली आणि चंद्रकांत झवेरींना घेऊन त्या थेट प्रसारणाच्या जागी गेल्या. त्या रात्रीचा कार्यक्रम ठरल्याप्रमाणे सुरू झाला. शेवटी वंदे मातरमची रेकॉर्ड लागली आणि दारावर धक्के बसू लागले. पोलीस दारं फोडून आत आले. रेकॉर्ड बंद करायचा हुकूम सुटला. या दोघांनी तो ऐकला नाही.

रेडिओ फक्त ७८ दिवस चालला.

त्यानंतरचे सहा महिने चौकशीचे. एकटं कोंडून ठेवलं. साथीदारांची नावं सांगितलीस तर परदेशात शिकायला पाठवू, असं आमिषही दाखवलं. उषाबेन बोलल्या नाहीत. कोर्टात त्यांनी आधी विचारून घेतलं की उत्तर देणं सक्तीचं आहे का. सक्ती नाही म्हटल्यावर एकाही प्रश्नाला उत्तर दिलं नाही. ज्या आवाजामागे पोलीस अडीच महिने धावले, तो आवाज कोर्टात त्यांना मिळाला नाही.

प्रिंटर माफीचे साक्षीदार झाले. त्यांच्यावर आज राग काढणं सोपं आहे. पण ट्रान्समीटर त्यांनीच बनवला होता, हेही तितकंच खरं. १९४३ साली निकाल लागला. बाबूभाई खाकर यांना पाच वर्षं, उषाबेनना चार वर्षं, चंद्रकांत झवेरींना एक वर्ष. विठ्ठलदास झवेरी आणि नानक मोटवानी सुटले.

उषाबेनना येरवड्यात ठेवलं. तिथे तब्येत इतकी ढासळली की मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलात हलवावं लागलं. खाटेभोवती चोवीस तास पोलिसांचा पहारा. १९४६ साली मुंबई प्रांतात काँग्रेसचं सरकार आलं, मोरारजी देसाई गृहमंत्री झाले आणि उषाबेन सुटल्या.

नंतरची पन्नास वर्षं

तुरुंगाने तब्येत कायमची खाल्ली होती. तिकीट, मंत्रिपद या वाटेला त्या गेल्याच नाहीत. पुन्हा शिकायला बसल्या. गांधीजींच्या राजकीय आणि सामाजिक विचारांवर मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. केली, विल्सन कॉलेजात शिकवलं, पुढे विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या आणि १९८० साली निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. राहणी खादीची आणि साधी. मुंबईच्या मणिभवनात गांधीविचाराचं काम शेवटपर्यंत चालू होतं. १९९८ साली पद्मविभूषण मिळालं.

दरवर्षी ऑगस्ट क्रांतीच्या दिवशी त्या गवालिया टँकला जायच्या. ऑगस्ट २००० मध्येही अंगात ताप असताना गेल्या. ११ ऑगस्टला त्यांचं निधन झालं. २०२४ साली सारा अली खानचा ऐ वतन मेरे वतन आला आणि अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं.

मग लायसन्स असूच नये का? तसं नाही. कुणीही कुठल्याही लहरीवर बोलू लागलं तर विमानांपासून ॲम्ब्युलन्सपर्यंत सगळ्यांचाच गोंधळ होईल. हॅम रेडिओसाठी आजही सरकारी परीक्षा द्यावी लागते, मग स्वतःचा कॉलसाइन मिळतो, आणि कोल्हापूरच्या पोरांनी ती जरूर द्यावी. २०१९ च्या महापुरात वीज गेली आणि कितीतरी भागांत मोबाइल मुके झाले, ते दिवस आपण विसरलेलो नाही. २०२३ साली संसदेने जुन्या दोन्ही कायद्यांच्या जागी नवा दूरसंचार कायदा केला. आणीबाणीच्या वेळी सेवा थांबवायचा अधिकार त्यातही सरकारकडे आहेच.

म्हणून स्पीडची तक्रार जरूर करा. ट्रायच्या मायस्पीड ॲपवर मोजा, कंपनीकडून तक्रारीचा नंबर घ्या, उत्तर मिळालं नाही तर वर अपील करा. पण इंटरनेट ज्या दिवशी मुद्दाम बंद केलं जाईल, त्या दिवशी ते का बंद केलं हेही विचारा. उषाबेन चार वर्षं आत गेल्या, त्या याच प्रश्नासाठी.