कार्ल बेंझ आणि टू-स्ट्रोक इंजिन

माझे अण्णा पाठीवर पंप घेऊन कपाशीवर फवारणी करतात. दोरी ओढली की पंप फटफट करतो. पेट्रोलमध्ये ऑइल कशाला घालता, असं मी विचारलं. टू-स्ट्रोक आहे म्हणून, एवढंच ते म्हणाले. मग गुरुजींनी मला कार्ल बेंझ यांची गोष्ट सांगितली. ती मी येथे लिहीत आहे.

कार्ल बेंझ यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८४४ रोजी जर्मनीत झाला. वडील रेल्वेचे इंजिन चालवीत. कार्ल दोन वर्षांचेही नव्हते तोच ते वारले. आईने कष्टाने मुलाला शिकवून इंजिनिअर केले.

१८७१ साली बेंझ यांनी मनहाइम शहरात भागीदारीत कारखाना काढला. पण भागीदाराशी जमेना. तेव्हा त्यांच्या होणाऱ्या पत्नीने, बर्थाने, लग्नासाठी ठेवलेले पैसे आधीच घेऊन भागीदाराला मोकळे केले. १८७२ साली लग्न झाले. तरी कर्ज वाढतच गेले. पुढे घरात तीन लहान मुले, आणि कारखाना हातचा जायची वेळ आली.

आता नवे इंजिन चालले तरच निभाव लागणार होता. चार-स्ट्रोकचे पेटंट ओटो यांच्याकडे होते. त्यात दट्ट्याच्या चार चालींत एकदा भडका होतो. बेंझ यांनी दोन चालींचे इंजिन करायला घेतले. दट्ट्या वर जाताना वायू दाबला जातो. ठिणगी पडते, भडका होतो, दट्ट्या खाली ढकलला जातो. तेवढ्यात धूर बाहेर जातो व नवा वायू आत येतो. झाल्या दोन चाली!

१८७९ साल संपत आले तरी इंजिन चालेना. ३१ डिसेंबरच्या रात्री जेवण झाल्यावर बर्थाने पुन्हा एकदा बघू म्हणून त्यांना कारखान्यात नेले. आणि काय आश्चर्य! इंजिन फटफटू लागले. दोघे कितीतरी वेळ ऐकत उभे राहिले.

या इंजिनांच्या विक्रीवर धंदा सावरला. १८८६ साली बेंझ यांनी तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले. तिचे इंजिन मात्र चार-स्ट्रोक होते. १८८८ साली बर्था दोन मुलांना घेऊन ती मोटार सुमारे १०० किलोमीटर दूर माहेरी घेऊन गेली. ४ एप्रिल १९२९ रोजी बेंझ वारले.

आता ऑइलचं कोडंही सुटलं. आमच्या पंपात पेट्रोल दट्ट्याखालून जातं. त्यातलं ऑइलच आतल्या भागांना वंगण देतं. ऑइल विसरलं तर दट्ट्या जाम होतो. म्हणून मिश्रण आता मी स्वतः मापून देतो. दोरी ओढताना मला बर्थाबाईंची आठवण येते. एकदा नाही चाललं, तर पुन्हा ओढायची.