आईची शाळा : सुझाना वेस्ली

इतिहासाच्या पुस्तकात थोर पुरुषांची नावे ठळक अक्षरांत असतात. पण त्यांना पहिले अक्षर कोणी गिरवायला लावले, हे बहुधा एका ओळीत उरकलेले असते. मेथॉडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याच्याविषयी वाचताना मला अशीच एक ओळ भेटली. त्याच्या आईने, सुझानाने, आपल्या मुलांना घरीच शिकविले, एवढाच तो उल्लेख. मला मात्र मुलापेक्षा आईचीच ओढ लागली. तिच्याविषयी जे वाचले, ते या लेखात मांडीत आहे.

मुलांना बालवयातच धर्मग्रंथ शिकविण्याची रीत यहुदी लोकांत फार प्राचीन आहे. देवाची वचने मुलांच्या मनावर बिंबवावीत, घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना ती बोलत राहावीत, अशी आज्ञा मोशेच्या नियमशास्त्रातच आहे. पुढे यहुदी गुरूंनी शास्त्रवाचनाला बसण्याचे वयही सांगून ठेवले : पाचवे वर्ष. आपल्या कोकण किनाऱ्यावरील बेने इस्रायल समाजाने शेकडो वर्षे धर्मग्रंथ हाती नसताना 'शमा' ही प्रार्थना तोंडी जपली, ती याच घरगुती शिकवणीच्या बळावर. ख्रिस्ती लोकांनी हा वारसा पुढे चालविला. संत पौलाचा तरुण शिष्य तीमथ्य याला आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून श्रद्धेचा वारसा मिळाला, असे नव्या करारात आहे. प्रॉटेस्टंट पंथात तर प्रत्येकाने बायबल स्वतः वाचावे, हा आग्रहच होता. अशा या परंपरेत सुझानाचा जन्म झाला.

ती १६६९ साली लंडनमध्ये जन्मली. वडील डॉ. सॅम्युअल अ‍ॅन्स्ली हे राजमान्य चर्चबाहेरचे नामांकित प्रवचनकार. सुझाना हे त्यांचे पंचविसावे आणि शेवटचे अपत्य. घरात ग्रंथ होते, वादविवाद होते. वयाची तेरा वर्षेही पुरी झाली नव्हती, तेव्हा या मुलीने दोन्ही बाजूंचा विचार करून वडिलांचा पंथ सोडला आणि इंग्लंडच्या राजमान्य चर्चमध्ये जाण्याचे ठरविले. वडिलांनी तिला दूर लोटले नाही. उलट आपले सारे हस्तलिखित कागद मागे ठेवताना ते याच मुलीच्या हाती दिले.

१६८८ साली सॅम्युअल वेस्ली या तरुण धर्मोपदेशकाशी तिचा विवाह झाला. पुढे लिंकनशायर परगण्यातील एपवर्थ या दलदलीच्या मुलखातील गावी त्यांचा संसार स्थिरावला. संसार कसला, ओढग्रस्तच ती! एकोणीस मुले झाली, त्यांतील नऊ तान्हेपणीच गेली. सात मुली आणि तीन मुलगे तेवढे जगले. पती विद्वान, पण हट्टी. राजा विल्यमसाठीच्या प्रार्थनेला सुझाना आमेन म्हणत नाही, एवढ्यावरून तो रागावून कित्येक महिने घर सोडून लंडनला राहिला. १७०५ साली कर्जापायी त्याला लिंकनच्या तुरुंगात जावे लागले, तेव्हा सुझानाने आपल्या अंगठ्या त्याच्याकडे पाठविल्या. त्याने त्या परत केल्या.

अशा घरात तिने शाळा मांडली. मूल बोलू लागले की त्याला प्रभूची प्रार्थना शिकवायची. उठताना आणि निजताना ती म्हणायचीच. पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत अक्षर मात्र दाखवायचे नाही. पाचवा वाढदिवस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ ते बारा आणि दुपारी दोन ते पाच मूल आईसमोर बसे. त्या एका दिवसात सारी मुळाक्षरे यायला हवीत, असा दंडक होता. दोन मुलींना दीड दिवस लागला. बाकी सर्वांना एक दिवस पुरला. मग एकदम उत्पत्तीच्या पुस्तकाचा पहिला अध्याय. मुलांसाठी सोपे पुस्तक निराळे नव्हतेच. एक शब्द, मग दुसरा, मग ओळ. पहिली ओळ बिनचूक येईपर्यंत पुढची नाही. एकदा ती एका मुलाला तीच गोष्ट वीस वेळा सांगत होती. पतीने न राहवून विचारले, इतका धीर तुला येतो कोठून? तिने उत्तर दिले, की एकोणीस वेळा सांगून थांबले असते तर सारेच श्रम वाया गेले असते.

१७०९ च्या फेब्रुवारीत रात्री घराला आग लागली. वडिलांचे जपलेले कागद जळाले. पाच वर्षांचा जॉन वर अडकला होता. एकाच्या खांद्यावर दुसरा माणूस उभा राहिला आणि त्याला खिडकीतून बाहेर काढले. घर पुन्हा उभे राहीपर्यंत मुले इतरांच्या घरी विखुरली आणि त्यांची शिस्त बिघडली. ती परतल्यावर सुझानाने नवा नेम घातला. संध्याकाळी पाच वाजता मोठ्या भावंडाने सर्वांत धाकट्याला, दुसऱ्याने त्याच्या पुढच्याला जवळ घ्यावे आणि स्तोत्रे व नव्या करारातील एक अध्याय वाचून दाखवावा. अशा रीतीने शिकणारी मुले शिकविणारीही झाली. शिवाय धर्मतत्त्वांचे विवरण तिने स्वतःच मुलांसाठी लिहून काढले.

या शाळेचा एक धागा आपल्या देशाशीही जुळतो. १७०६ साली तमिळ किनाऱ्यावरील तरंगमबाडी येथे डेन्मार्कच्या राजाने पाठविलेले मिशनरी उतरले होते. त्यांच्या कार्याचा वृत्तांत एमिलिया या थोरल्या मुलीला वडिलांच्या खोलीत सापडला आणि तिने तो आईला वाचून दाखविला. सुझाना हेलावून गेली. दूरदेशी कोणी एवढे करतो, मग आपण आपल्या लेकरांसाठी अधिक का करू नये? तेव्हापासून रोज संध्याकाळी एकेका मुलाला एकांतात जवळ घेऊन ती त्याच्या मनातले ऐकू लागली. जॉनचा वार होता गुरुवार. मोठेपणीही तो त्या गुरुवारची आठवण काढीत असे.

पती लंडनला गेला असता रविवारी संध्याकाळी ती मुलांना स्वयंपाकघरात प्रवचन वाचून दाखवी. शेजारी येऊ लागले आणि पाहता पाहता दोनशेवर माणसे जमू लागली. बाईने असे करणे शोभत नाही, अशी तक्रार गेली. तिने पतीला कळविले, की बंद करायचे असेल तर नुसती इच्छा कळवू नका, स्पष्ट आज्ञा द्या. म्हणजे देवापुढे जबाबदारी माझी राहणार नाही. तशी आज्ञा आली नाही.

या शाळेचा सर्वांत मोठा नियम मला वाटतो तो असा : मुलीला नीट वाचता येईपर्यंत शिवणटिपण शिकवायचे नाही. मुलींना वेळेआधी कामाला जुंपतात, म्हणूनच फार थोड्या स्त्रिया ऐकण्याजोगे वाचतात, असे तिचे मत होते. या नियमापाशी मी थांबले. माझी आई लहान वयात भाकरी थापायला शिकली, अक्षर मात्र तिच्या वाट्याला आले नाही. माझ्या प्रगतिपुस्तकावर ती अंगठा उठवीत असे. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. तीनशे वर्षांपूर्वीच्या एका गरीब घरात हा क्रम कोणी उलटा केला होता, हे वाचून मला भरून आले.

पण चरित्र म्हणजे आरती नव्हे. सुझानाची शिस्त कठोर होती. वर्षाचे मूलही छडीला भिऊन हळू रडायला शिके. मुलाची इच्छाशक्ती आधी मोडली पाहिजे, असे ती मानी. हे आज मनाला पटत नाही. आणि तिच्या सर्वांत बुद्धिमान मुलीचे, हेटीचे, काय झाले? लहानपणीच ग्रीक शिकलेली ही कवयित्री १७२५ साली एका माणसाबरोबर निघून गेली. त्याने लग्न केले नाही. मग घाईघाईने एका नळकाम करणाऱ्याशी तिचा विवाह लावण्यात आला. बापाने तिला दार बंद केले. आईचे मनही लवकर द्रवले नाही. तेव्हा १७२६ साली जॉनने पापी माणसाशीही दयेने वागावे, या विषयावर प्रवचन केले. हे हेटीसाठीच आहे, हे आईने लगेच ओळखले. बापाला त्याचा फार राग आला. मला मात्र हा त्या घरातील शाळेचा खरा निकाल वाटतो. आईने जो ग्रंथ शब्द शब्द करून मुलाला शिकविला, त्याच ग्रंथाच्या आधाराने मुलाने आईबापांची चूक दाखवून दिली.

१७३२ साली जॉनच्या आग्रहावरून तिने आपली अध्यापनपद्धती पत्रात लिहून दिली, म्हणून ती आज आपल्याला ठाऊक आहे. पतीच्या निधनानंतर ती मुलांच्या आश्रयाने राहिली आणि १७४२ च्या जुलैमध्ये लंडन येथे वारली. आपला प्राण सुटताच मुलांनी देवाच्या स्तुतीचे स्तोत्र गावे, अशी तिची शेवटची इच्छा होती. मुलांनी ती पुरी केली. धाकटा चार्ल्स हजारो भक्तिगीतांचा कर्ता झाला, जॉनने देशभर घोड्यावरून फिरून उपदेश केला. मुलींच्या वाट्याला मात्र एवढे मोकळे जग आले नाही. त्यांना आईने अक्षर दिले; पण त्या अक्षराला वाव देणारा समाज ती कोठून आणणार होती?

तो वाव आज आम्हा मुलींना थोडाफार मिळाला आहे. म्हणून या परक्या देशातील, परक्या धर्मातील आईला मी मनोमन वंदन करते. आणि संध्याकाळी घरी गेल्यावर माझ्या आईसमोर पाटी ठेवते. तिला एका दिवसात मुळाक्षरे येणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. मी वीस वेळा सांगेन.