पाइपवादकांचा राजा : लिओ राउसम

प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात लष्करी बँड जवळून जाऊ लागला, की त्यातील बॅगपाइपचा भरघोस, अखंड स्वर आपले लक्ष वेधून घेतो. उत्तराखंडातील डोंगराळ भागात लग्नाच्या वरातीपुढे हेच वाद्य मशकबीन या नावाने वाजते. काखेत हवेची पिशवी, तोंडात फुंकणी आणि बोटांखाली स्वरनळी असे त्याचे रूप आपल्या परिचयाचे आहे. हे वाद्य आपल्याकडे आले ते इंग्रज फौजेतील स्कॉटिश पलटणींबरोबर. मात्र स्कॉटलंडच्या शेजारी असलेल्या आयर्लंडमध्ये याच कुळातील एक निराळे वाद्य नांदत आले आहे. ते रणांगणावर वाजत नाही, चालता चालताही वाजत नाही. घरातील शेकोटीजवळ, खुर्चीवर स्वस्थ बसून ते वाजवायचे असते. त्याचे नाव इलन पाइप. विसाव्या शतकाच्या आरंभी हे वाद्य नामशेष होण्याच्या बेतात होते. ते जगले याचे श्रेय ज्या मोजक्या माणसांकडे जाते, त्यांत लिओ राउसम यांचे नाव अग्रभागी आहे.

आयरिश भाषेत ‘इलन’ म्हणजे कोपर. या वाद्यात तोंडाने हवा फुंकावी लागत नाही. उजव्या कोपराखाली एक लहानसा भाता बांधलेला असतो. तो दाबला की हवा डाव्या काखेतील पिशवीत जाते आणि डाव्या कोपराच्या दाबाने तेथून नळ्यांत शिरते. मुख्य स्वरनळीवर दोन सप्तके वाजवता येतात. तिचे टोक मांडीवर टेकवून क्षणभर बंद केले की स्वर तुटक निघतात, उचलले की वाहते होतात. तिच्या जोडीला तीन नळ्या आपल्या तंबोऱ्याप्रमाणे एकच आधारस्वर धरून राहतात. आणखी तीन नळ्यांवर पितळी कळा बसवलेल्या असतात. दोन्ही हातांची बोटे स्वरनळीवर धावत असतानाच मनगटाच्या कडेने या कळा दाबून वादक स्वरमेळाची साथ देतो. म्हणजे मुख्य वादक, त्याचा साथीदार आणि आधारस्वर धरणारा अशा तिघांची कामे एकाच माणसाने करायची! चांगला पाइपवादक तयार होण्यास एकवीस वर्षे लागतात, सात शिकण्याची, सात सरावाची आणि सात वादनाची, अशी आयर्लंडमध्ये पूर्वापार समजूत आहे. वाद्याची ही रचना पाहिली म्हणजे ती फारशी अतिशयोक्त वाटत नाही.

अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गावोगाव हिंडणारे पाइपवादक आयर्लंडभर होते. त्यांतील कित्येक अंध असत. लग्ने, जत्रा आणि नाचाचे मेळावे यांवर त्यांचे पोट चाले. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर पडलेल्या रोगाने देशात भीषण दुष्काळ आला. सुमारे दहा लाख माणसे मृत्युमुखी पडली आणि तितक्याच लोकांनी देश सोडला. ऐकणारे गेले, तेथे वाजवणाऱ्यांना कोण विचारणार? पुढे स्वस्त आणि शिकण्यास सोपी अशी हातपेटीसारखी वाद्ये आली. शतक संपता संपता जुने वादक एकेक करून निघून गेले. १८९३ मध्ये आयरिश भाषा आणि संस्कृती यांच्या पुनरुज्जीवनाची चळवळ सुरू झाली आणि तिच्याच वाऱ्यावर १९०० साली डब्लिनमध्ये पाइपवादकांचे एक मंडळ स्थापन झाले. त्या मंडळाचे चिटणीस एमन केंट हे स्वतः वादक होते. १९१६ च्या स्वातंत्र्यासाठीच्या उठावातील सहभागाबद्दल त्यांना गोळ्या घालून ठार करण्यात आले. मंडळही त्या धामधुमीत मोडून पडले.

अशा पडत्या काळात राउसम घराण्याने हे वाद्य सोडले नाही. लिओंचे आजोबा सॅम्युएल हे वेक्सफर्ड परगण्यातील फर्न्स गावाजवळचे शेतकरी. शेती सांभाळून ते पाइप वाजवीत. वाद्यांची दुरुस्तीही त्यांना येत असे. त्यांचे पुत्र विल्यम डब्लिनला आले आणि हॅरल्ड्स क्रॉस या भागात त्यांनी वाद्ये बनवण्याचा आणि दुरुस्त करण्याचा व्यवसाय मांडला. शिकागोचे पोलीसप्रमुख राहिलेले आणि आयरिश संगीताचे थोर संग्राहक फ्रान्सिस ओनील यांनी १९१३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या घराण्याची नोंद घेतली आहे.

लिओ यांचा जन्म ५ एप्रिल १९०३ रोजी याच घरात झाला. वडील वादकही होते आणि कारागीरही. त्यामुळे मुलाला वाद्य पहिल्यांदा भेटले ते सुटे सुटे : कातावर फिरणारे लाकूड, शिवलेली कातडी पिशवी, पितळेच्या कळा आणि बोरूच्या जातीच्या वनस्पतीपासून तासलेली पत्ती. सनईवादकाला पत्तीचे जे महत्त्व वाटते तेच पाइपवादकालाही वाटते. ती केसभर जाड राहिली तर स्वर घोगरा, केसभर पातळ झाली तर चिरका. हवेतील ओलावा बदलला तरी ती रुसते. पत्ती तासण्याची कला पुस्तकातून येत नाही. ती हाताकडून हाताकडे जाते. लिओला ती वडिलांच्या हातून मिळाली आणि वादनही त्यांच्याकडूनच मिळाले. वाजवणे आणि घडवणे या दोन विद्या त्याने एकत्रच आत्मसात केल्या. पुढील साऱ्या आयुष्यात त्यांची फारकत झाली नाही.

मुलाची प्रगती विलक्षण होती. डब्लिनमध्ये १८९० साली स्थापन झालेली नगरपालिकेची संगीतशाळा होती. तेथे १९१९ मध्ये पाइपवादनाचा शिक्षक म्हणून लिओ राउसम यांची नेमणूक झाली, तेव्हा त्यांचे वय होते अवघे सोळा वर्षांचे. ज्या वयात इतर मुले शिकण्यासाठी पायऱ्या चढतात, त्या वयात ते शिकवण्यासाठी चढले. वर्गात आपल्यापेक्षा वयाने मोठी माणसे समोर बसलेली असताना शिकवणे सोपे नसणार. परंतु त्या सोळा वर्षांच्या मागे दोन पिढ्यांची विद्या उभी होती. या नेमणुकीचे आणखी एक महत्त्व आहे. फिरस्त्यांचे वाद्य म्हणून ज्याकडे पाहिले जाई, त्याला व्हायोलिन आणि पियानो यांच्या शेजारी, शाळेच्या वेळापत्रकात जागा मिळाली. ही जागा लिओंनी पन्नास वर्षे सांभाळली.

१९२५ मध्ये विल्यम राउसम यांचे निधन झाले. बाविसाव्या वर्षी लिओंवर वडिलांच्या व्यवसायाची जबाबदारी आली. आता शिकवणे, वाद्ये घडवणे आणि कार्यक्रम करणे हे तिन्ही एकाच वेळी चालू राहिले. एका पूर्ण संचात सात नळ्या, त्यांच्या सात पत्त्या, कळा, पिशवी आणि भाता. हे सर्व एका सुरात आणणे हे महिनोन्‌महिन्यांचे काम. जुन्या काळचे संच खालच्या पट्टीतले, मृदू आवाजाचे होते. लहान खोलीत ते गोड वाटत. पण मोठ्या सभागृहासाठी अधिक उंच पट्टीचा आणि खणखणीत आवाजाचा संच हवा होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे टेलर बंधूंनी असा संच घडवला होता. राउसम घराण्याने ती दिशा पुढे नेली. जुन्या मंद स्वराचे चाहते आजही या बदलाबद्दल नाराजी दाखवतात आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. जुन्या संचाचा हळुवारपणा नव्यात नाही. परंतु मागच्या रांगेतील श्रोत्याला ऐकूच न जाणारे वाद्य त्या काळात किती दिवस टिकले असते, हाही विचार केला पाहिजे.

तो काळ नव्या यंत्रांचा होता. १ जानेवारी १९२६ रोजी डब्लिनचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले. त्याच्या आरंभीच्या काळापासून लिओंचे वादन तेथून प्रक्षेपित होऊ लागले. ज्या खेड्यांत कित्येक वर्षांत पाइपवादक फिरकला नव्हता, तेथील घरांत आता तो स्वर पोहोचला. ग्रामोफोन कंपन्यांनी त्यांच्या तबकड्या काढल्या. १९३३ मध्ये लंडनला बीबीसीच्या प्रायोगिक दूरचित्रवाणीवर त्यांचे वादन झाले. दूरचित्रवाणीचा संच तेव्हा फारच थोड्या लोकांनी पाहिला होता! पुढे त्यांनी चार पाइपवादकांचे एक पथकही उभे केले. त्यात त्यांचे बंधू टॉम होते. चार संच एका सुरात लावून एकत्र वाजवणे हे धाडसच म्हणावे लागेल. ज्याने ते संच स्वतः हाताळले आहेत, त्यालाच ते परवडणारे होते.

लिओंचे वादन दमदार आणि डौलदार होते. लय पक्की, सूर स्वच्छ आणि कळांवरची साथ भरपूर. किंबहुना, मनगटाने वाजणाऱ्या त्या तीन नळ्यांचा इतका सढळ आणि नेमका उपयोग करणारे वादक त्यांच्या काळात विरळाच होते.

१९३६ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात विशेष ठरले. त्या वर्षी त्यांनी लिहिलेले पाइपवादनाचे शिक्षणपुस्तक प्रसिद्ध झाले. ज्याच्या गावात गुरू नाही, त्या मुलाने वाद्य धरावे कसे, बोटे ठेवावी कोठे, येथपासून सुरुवात करावी, अशी त्यामागील योजना होती. घराण्यातच राहू शकणारी विद्या त्यांनी अशी छापून सर्वांसमोर ठेवली. वाद्ये विकणारा कारागीर आपली गुपिते इतक्या सहजपणे सांगतो, हे आपल्याकडील जुन्या घराण्यांच्या कथा ऐकलेल्यांना नवलाचे वाटेल. त्याच वर्षी त्यांनी पुढाकार घेऊन डब्लिनमधील मोडलेले पाइपवादक मंडळ पुन्हा उभे केले.

या मंडळातील मंडळींनी पुढे एक मोठे पाऊल उचलले. पाइप एकटा जगणार नाही, व्हायोलिन, बासरी, गाणे आणि नाच या सर्वांना बरोबर घ्यावे लागेल, हे त्यांच्या ध्यानात आले होते. १९५१ च्या आरंभी ते मलिंगार या गावी इतर संगीतप्रेमींना भेटले. त्यातून पारंपरिक संगीतासाठी देशव्यापी संघटना निर्माण झाली आणि त्याच वर्षी मलिंगारला पहिला संगीतमेळा भरला. पहिल्या मेळ्याला जेमतेम काहीशे माणसे होती. या मेळ्याला आता दरवर्षी लाखो लोक लोटतात.

तथापि लिओंचे खरे काम वर्गातच चालले होते. वर्षामागून वर्षे मुले येत, आणि ते पहिल्या धड्यापासून सुरुवात करीत. कोपराचा दाब, पिशवीतील हवा, मग एक स्वर. तो स्थिर झाल्यावर दुसरा. शिष्यांसाठी ते धून स्वतःच्या हाताने स्वरलिपीत उतरवून देत. त्यांच्या हस्तलिखितांतील चारशेहून अधिक नृत्यधुनांचा संग्रह त्यांच्या कन्येने पुढे प्रसिद्ध केला. पॅडी मोलोनी हा डब्लिनचा मुलगा आठव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्याकडे आला. १९६२ मध्ये त्याने स्थापन केलेल्या ‘चीफटन्स’ या वाद्यवृंदाने आयरिश संगीत जगभर नेले. किल्डेअर परगण्यातील लिअम ओफ्लिन अकराव्या वर्षी शिकायला लागला. १९७२ मध्ये उभ्या राहिलेल्या ‘प्लँक्स्टी’ या गाजलेल्या गटात त्याचा पाइप होता, आणि पुढे १९८० मध्ये त्याने संपूर्ण पाश्चात्त्य वाद्यवृंदासमोर हे वाद्य एकल वाजवले. क्लेअर परगण्यातील विली क्लॅन्सी यांनीही राउसम यांचे मार्गदर्शन घेतले. या तिघांचे वादन एकमेकांसारखे नाही, आणि गुरूसारखेही नाही. शिष्यांना आपल्या ठशात ओतण्याचा मोह या गुरूने टाळला असावा.

१९५९ मध्ये क्लाडा या नव्या ध्वनिमुद्रण कंपनीने आपली पहिलीच तबकडी लिओ राउसम यांची काढली. तिला नाव दिले ‘पाइपवादकांचा राजा’. लोक तत्पूर्वीच त्यांना या नावाने ओळखत होते. राजेपणाचा थाट मात्र त्यांच्या दिनक्रमात नव्हता. सकाळ-संध्याकाळ वर्ग, उरलेला वेळ कारखान्यात आणि सुटीच्या दिवशी गावोगावच्या स्पर्धांचे परीक्षण, असे त्यांचे जीवन चालू होते.

१९६८ मध्ये देशभरातील पाइपवादकांची एक स्वतंत्र संस्था स्थापन झाली, तेव्हा लिओ राउसम आणि सेमस एनिस या दोन ज्येष्ठांना तिचे आश्रयदाते करण्यात आले. जमलेल्या वादकांची संख्या शंभराच्या आतच होती. अर्धशतक शिकवूनही इतकेच, असे कोणाला वाटेल. पण त्यांतील अनेकजण तरुण होते, त्यांपैकी कित्येकांनी पहिले धडे लिओंकडेच घेतले होते, आणि बऱ्याचजणांच्या काखेतील वाद्यही त्यांनीच घडवलेले होते. २०१७ साली युनेस्कोने इलन पाइपवादनाचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. आज जपानपासून अमेरिकेपर्यंत ते शिकवले जाते.

लिओंना हे दिवस पाहता आले नाहीत. सप्टेंबर १९७० मध्ये ते स्लायगो परगण्यातील रिव्हर्सटाउन या गावी एका संगीतस्पर्धेचे परीक्षक म्हणून गेले होते. स्पर्धा चालू असतानाच त्यांना मृत्यूने गाठले. वय सदुसष्ट वर्षांचे होते. डब्लिनच्या संगीतशाळेतील त्यांचा वर्ग तोवर चालूच होता. दोन वर्षांनी ‘प्लँक्स्टी’चे कार्यक्रम सुरू झाले, तेव्हा लिअम ओफ्लिनच्या मांडीवर जो पाइप होता, तो लिओ राउसम यांच्या हातचा होता.